तीन सेकंदांचा नियम

“कुठलाही शॉट तीन सेकंदांच्या वर गेला की सिनेमा तिथेच मरतो!” बन्सीनानांनी निकाल दिला.

निकाल ऐकायला एरंडोलच्या त्या फोटो स्टुडिओत एकट्या यशोदाबाई होत्या. त्या पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर, पदर सारखा करून, मघापासून श्वास रोखून बसल्या होत्या. त्यांना पासपोर्टचा फोटो हवा होता.

“नाना, मनी मान सरळ शे ना?”

“मान सरळ आहे, अक्का. वाकडं आहे ते हे!” नानांनी गळ्यातला कॅमेरा बाजूला सारला आणि मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

मोबाइलवर धुळ्याच्या पोरांचा रॉक बँड गात होता. गाणं अहिराणी, गिटारी विजेच्या, आणि ड्रम मांडलेले चक्क बैलगाडीवर. गाडी केळीच्या बागांमधून चालली होती आणि कॅमेरा तिच्या मागे मागे. व्हिडिओ काढला होता यशोदाबाईंच्या कुंदनने. हा कुंदन एके काळी नानांच्या हाताखाली लग्नांमध्ये दिवा धरायचा. आता या गाण्याला परदेशात कुठलंसं बक्षीस लागलं होतं आणि ते घ्यायला तो आईलाही नेणार होता. म्हणून फोटो. नानांचा कॅमेरा आजवर शिरपूरच्या पुढे गेलेला नव्हता.

“बघा. गाडी निघाली तेव्हा सुरू झालेला शॉट अजून तोच आहे. कट नाही! लोक याला कला म्हणतात. मी म्हणतो, कापायचा कंटाळा. आता सूर्य बघा कुठे आहे. पोरांच्या पाठीमागे! तोंडं काळीठिक्कर. मी मांडवात असा दिवा धरला असता ना, तर नवरीच्या बापाने मला खांबाला बांधलं असतं.”

“ऊन तं चांगलं दिसी ऱ्हायनं.”

“ऊन दिसतंय हो, गायक कुठे दिसतोय? आणि कॅमेरा हलतोय. मुद्दाम हलवलाय. बैलाच्या पावलावर हिसका, आणि हिसका बरोबर ड्रमच्या ठोक्यावर...” नाना थबकले. हे कौतुकासारखं ऐकू यायला लागलं होतं. “म्हणजे, स्टँड नेलं नव्हतं.”

नानांच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरी कमळातून उमलायची, नवरदेव बदामात गरगर फिरायचा आणि दर तीन सेकंदांनी पडद्यावर काहीतरी उलटायचं. पंचक्रोशीत त्याला तोड नव्हती. या गाण्यात काहीच उलटत नव्हतं, आणि तरी लोक ते पुन्हा पुन्हा बघत होते. हे काही केल्या नानांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“आता विहिरीवरची म्हातारी येईल बघा. ती आली की ड्रमवाला धूसर आणि ती लख्ख. फोकस सरकवलाय, दुसरं काही नाही. आता डावा बैल मान हलवणार. हलवली! आता वळणावर धूळ उडणार, आणि धुळीतून...”

“तुमले बठ्ठं पाठ शे, नाना. माले तं गानंबी पाठ नही.”

नानांनी झटकन व्हिडिओ बंद केला. तसा नाना तो नेहमी इथेच बंद करत. याच्या पुढे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कुंदनचं नाव येई, आणि ते बघण्यापेक्षा बटण दाबलेलं बरं.

“तुम्ही शेवटलोंग देखं नही का?”

“शेवटी काय असतं, अक्का? नावं असतात.”

“हा ना. तठे तुमनं नाव शे. कुंदन सांगे, उजेड कोठून येस, हाई माले नानानीच शिकाडं.”

नानांनी व्हिडिओ पुन्हा लावला, या खेपेला तोंड न उघडता. धूळ बसली, सूर्य बुडाला, पडदा काळा झाला. कुंदनचं नाव आलं. ते त्यांनी औषधासारखं गिळलं. मग आभार. जनरेटरवाले रतिलालभाऊ. बैलजोडीचे मालक सुकदेव आबा. बन्सीनाना, एरंडोल. नाव दिसतंय न दिसतंय तोच गेलं.

नानांनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग आणखी एकदा.

“बैलांच्या खाली घातलंय,” ते म्हणाले.

“बैल बठ्ठा दिन ऊनमा चालनात, नाना.”

नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला. छत्री लावलेला दिवा उचलून यशोदाबाईंच्या पाठीमागे नेला, चार पावलं मागे सरून बघितलं. त्यांच्या पांढऱ्या केसांच्या कडेने उजेड पाझरला. मग पासपोर्टवाले असलं घेत नाहीत हे आठवून त्यांनी दिवा मुकाट्याने पुन्हा पुढे आणला आणि बटण दाबलं.

फोटो पिशवीत घालून यशोदाबाई चपला शोधू लागल्या.

“अक्का,” नाना लेन्स पुसत, वर न बघता म्हणाले, “कुंदनचा फोन आला तर एवढं सांगाल का? ते नाव फार लवकर जातं. चार सेकंद ठेव म्हणावं.”