काठी हातात असेल तरच

"शिट्टी एक, जाकीट एक, झेंडे दोन." इंजिनिअरनं टेबलावरच्या वस्तूंवरून बोट फिरवलं आणि यादीवर खुणा केल्या. "एवढ्यासाठी तुम्ही यायची काय गरज होती? माणूस पाठवला असता मी."

"मलाच यायचं होतं," ती म्हणाली. "अजून एक वस्तू गाडीत आहे. आणि थोडं बोलायचंही होतं."

"बसा ना. आधी बसा."

पत्र्याच्या चौकीत एकच खुर्ची होती, वडिलांची. बसल्या जागी खालचं पोतं टोचायचं, तरी त्यांनी ते कधी काढलं नव्हतं. ती बसली. खिडकीतून पूल दिसत होता. मधल्या दोन खांबांमधला गाळा हातभर खाली बसलेला, त्यावरचा कठडा दाताच्या फटीसारखा उघडा पडलेला.

अकरा महिने त्या पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहतूक चालायची. वायरलेस दर दोन दिवसांनी मान टाकायचा, म्हणून वडिलांनीच तोडगा काढला होता. हातभर लांबीची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक काठी. पलीकडचा गार्ड दहा गाड्या सोडायचा आणि शेवटच्या गाडीच्या मागच्या खिडकीतून काठी आत सरकवून टपावर दोन थापा मारायचा. अलीकडे वडील ती उतरवून घ्यायचे आणि मगच इकडच्या गाड्या सोडायचे. ज्याच्या हातात काठी, त्याचाच पूल. काठी हातात नसेल तर साहेबाची गाडीसुद्धा जागची हलायची नाही.

दारात कोणीतरी खाकरलं. कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर होता. जाडजूड माणूस, पण आत यायला लाजत होता.

"ताई, आपण आलात असं कळलं. त्या दिवशी रांगेत पहिली बस माझीच होती."

ती उठून उभी राहिली. "तुम्हीच पाणी दिलंत ना त्यांना?"

"पाणी कसलं, ओठ ओले केले." त्यानं मान खाली घातली. "खरं सांगू का, आधी मी शिव्याच घातल्या. पलीकडच्या गाड्या येऊन गेल्या, आता आमची पाळी, आणि म्हातारा झेंडा टाकून पळत सुटला. पुलाकडे नाही हो, पुलाकडे पाठ करून. आमच्या रांगेच्या कडेनं, हात वर करून, ओरडत. म्हटलं, याचं डोकं फिरलं."

"काय ओरडत होते?"

तिनं हे इतक्या हळू विचारलं की इंजिनिअरनं पेन खाली ठेवलं.

"इंजिनं चालू होती ताई. 'थांब, थांब' असं काहीतरी. मैलाच्या दगडाशी गेले आणि छाती धरून बसलेच. मग सगळेच उतरले. एकेक ड्रायव्हर धावत गेला. बायका उतरल्या. पाऊण तास सगळे त्यांच्याभोवती, पुलावर चिटपाखरू नाही. आणि मग तो आवाज आला." त्यानं पुलाकडे पाहिलं. "बसमध्ये एक्केचाळीस बायका होत्या."

"मी अहवालात तेच लिहिलंय," इंजिनिअर म्हणाला. "आमची यंत्रं गप्प होती. त्यांना आधी कळलं. रोज सकाळी कठड्यावर तळहात ठेवून मला सांगायचे, आज बाई कुरकुरतेय. मी हसायचो. काठीसुद्धा सापडली नाही कुठे. नदीत टाकली असणार. आपण पडलो तर दुसऱ्या कोणी उचलून गाड्या सोडू नयेत म्हणून. मरता मरता एवढं सुचणं..."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"आमचं वाजलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस बोलत नव्हतो. छातीत कळा येतात, तर सोडा ही नोकरी, एवढंच म्हणाले होते मी. ते म्हणाले, पूल आणि मी एकाच वयाचे, दोघांवरही भार जरा कमी टाक. मी रात्रपाळीहून रोज याच पुलावरून घरी यायची. एरवी काच खाली करून त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. त्या तीन दिवसांत, त्या दिवशीही, मी काच वर करून न थांबता गेले."

"अहो, बापाच्या मनात राहतं का असलं काही?" ड्रायव्हर म्हणाला. "माझी पोरगी आठवड्यातून चार वेळा बोलणं टाकते. पाचव्या दिवशी माझ्याच ताटातलं खाते."

ती किंचित हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

ड्रायव्हरनं खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "बायकांनी दिलाय. मला लिहिता येत नाही इतकं चांगलं." वर तीन ओळी होत्या. तुमच्या वडिलांमुळे आम्ही संध्याकाळी घरी गेलो. आमच्या घरातले तुमचे ऋणी आहेत. आईंना सांगा. खाली एक्केचाळीस सह्या, त्यांत सात अंगठे.

"आईला वाचून दाखवते," ती म्हणाली. "त्या दिवसापासून ती एकच विचारतेय, असा कसा गेला माणूस, कशासाठी गेला."

"आता सांगता येईल," इंजिनिअर म्हणाला. त्यानं अहवाल पुढे सरकवला. "कुटुंबानं वाचल्याची सही लागते. आणि तुम्ही काहीतरी बोलणार होतात. गाडीत एक वस्तू आहे म्हणालात."

ती बराच वेळ त्या छापील पानाकडे बघत राहिली. मग हातातल्या कागदाकडे. मग तिनं सही केली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही. आभार मानायचे होते, तुमचे दोघांचे."

ड्रायव्हर गाडीपर्यंत सोडायला निघाला होता. तिनं नको म्हटलं.

कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं तो मागच्या सीटवर, चादरीखाली सरकवला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठीशेजारी.