आईसाठी चार शब्द

हेनिंगच्या आईचं दफन आटोपून मंडळी गावातल्या खानावळीत कॉफीला जमली, तेव्हा त्याच्या कोटाचा डावा खांदा ओला झाला होता. निम्म्या गावानं त्यावर डोळे पुसले होते.

"काय बोललास रे!" शेजारच्या विब्केकाकू म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला पुरलं तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते."

"कॅप्टन, एक फोटो होऊन जाऊ दे?" काकूंच्या जावयानं विचारलं.

हेनिंगनं फोटो काढू दिला. प्रसंगाला शोभेल एवढंच हसू त्यानं ओठांवर आणलं. ब्रेमेन आणि हॅम्बुर्गच्या रंगभूमीवर त्यानं आयुष्यभर राजे आणि खुनी रंगवले, ते या गावातल्या कुणीच पाहिले नव्हते. मग उतारवयात टीव्हीवरच्या मालिकेत तो एल्ब नदीवरच्या फेरीबोटीचा कॅप्टन झाला आणि दर मंगळवारी घराघरांत जाऊन बसला. तेव्हापासून गावात त्याला हेनिंग म्हणणारे फार थोडे उरले होते.

सगळे बोलून गेले. बहीण तेवढी बोलली नव्हती. ती आत स्वयंपाकघरात केक कापत होती. तो तिच्याकडे आत गेला.

"गेशे, तू काहीच म्हणाली नाहीस."

"कशाबद्दल?"

"मी चर्चमध्ये बोललो त्याबद्दल."

गेशेनं सुरी थांबवली नाही. "आईच्या हातांना सफरचंदांचा वास यायचा म्हणालास."

"हो."

"सफरचंदं कुठली रे? जन्मभर कोबीच्या शेतात राबली ती. नोव्हेंबरात तर साबणानंसुद्धा तो वास जायचा नाही. तूच नाक मुरडायचास."

हेनिंग हसला. "बोलताना होतं तसं. आतून आले ते शब्द."

"आतून नाही आले. मालिकेत कॅप्टन त्याच्या आईला पुरतो, त्या भागातले आहेत ते. सफरचंदं, खिडकीतला दिवा, 'तू गेलीस तरी दार उघडंच आहे', सगळं तेच. थांबलासही तिथंच. गळाही तिथंच भरून आला."

काहीतरीच काय, असं तो म्हणणार होता. दोन दिवस तो आईसाठी शब्द शोधत होता. आज सकाळी दाढी करताना ते आपसूक आले आणि त्यांच्यापाठोपाठ डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून त्याला ते आपलेच वाटले. आता त्याला मालिकेच्या संवादांचं ते पान दिसलं. कुठे थांबायचं याची त्यानंच पेन्सिलीनं केलेली खूणही दिसली.

"शपथ घेऊन सांगतो, मला कळलंच नाही."

"माहीत आहे मला," गेशे म्हणाली. "म्हणून तर तिथे गप्प बसले."

"आईनं पाहिला होता तो भाग?"

"दोघींनी सोफ्यावर बसून पाहिला. संपल्यावर तिनं टीव्ही बंद केला. म्हणाली, छान बोलला पोरगा. मग जरा वेळानं म्हणाली, माझ्या वेळी त्याला कोण लिहून देणार?"

"थट्टेनं म्हणाली असेल."

"नाही रे. काळजीनं म्हणाली."

तिनं बशी उचलली आणि कोपरानं दार ढकललं. त्यालाही बाहेर यावं लागलं.

तेवढ्यात हिनर्कमामा येऊन पोचला होता. आईचा हयात असलेला हा एकच भाऊ. त्याची गाडी रद्द झाली होती आणि त्याला दफनाला पोचता आलं नव्हतं. टोपी अजून हातातच होती. विब्केकाकू त्याच्या कानाशी ओरडत होत्या, "मामा, तुम्ही हेनिंगचं भाषण चुकवलंत! असं भाषण या गावात झालं नाही!"

"मग पुन्हा म्हण की," मामा हेनिंगकडे बघत म्हणाला. "माझी बहीण होती ती. मलाही ऐकू दे."

"हो, हो, म्हणा!" जावई म्हणाला. कुणीतरी खुर्ची सरकवून वाट करून दिली. कप खाली ठेवले गेले.

हेनिंग उभा राहिला. मघाचं भाषण शब्द न् शब्द जिभेवर तयार होतं. ते सोडून दुसरं काहीही बोलायचं, एवढंच त्यानं ठरवलं.

"आई," तो म्हणाला. "आमची आई..."

पुढे काही येईना. अलीकडे तिला काय खावंसं वाटायचं, तिची झोप कशी होती, दुपारी ती कुणाशी बोलत बसायची, यातलं फोनवर कळलं तेवढंच त्याला ठाऊक होतं. आणि फोन तो चित्रीकरणाच्या मधल्या वेळात, एका हातानं मफलर गुंडाळत करायचा. गेशे बशी हातात धरून थांबली होती. ती त्याला घाई करत नव्हती. हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. त्यानं ते खिशात घातले, परत बाहेर काढले.

"बघा," विब्केकाकू हळूच म्हणाल्या, "बोलवतसुद्धा नाही बिचाऱ्याला." त्यांना हुंदका आला. मग पलीकडच्या टेबलावरची बाई रडू लागली. जावयानं नाक शिंकरलं. मघापेक्षा जास्त रुमाल निघाले.

हेनिंग मान खाली घालून बसला. त्याच्या पाठीवरून कुणाचा तरी हात फिरत होता.

मामा कानामागे तळवा धरून अजून वाटच बघत होता. "काय म्हणाला?" त्यानं विचारलं. "गेशे, काय म्हणाला गं तो?"

गेशेनं केकची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"काही नाही, मामा. काहीच म्हणाला नाही."