जोहाचा बॅज
"उद्यापासून एक्स-रे रूममध्ये पाऊल ठेवायचं नाही," डॉक्टर फोनवर म्हणाले. "तुझ्या बॅजचं रीडिंग भलतंच वर आलंय. चौकशी होईपर्यंत काउंटरवर बस."

टेमघरच्या दवाखान्यात जोहा एक्स-रे काढायची. बटण दाबताना शिशाच्या आडोशामागं उभं राहायला ती एकदाही चुकली नव्हती. मग एवढे किरण अंगावर पडले कधी? किरण मोजणारा तो बॅज खोटं बोलत असेल, असं मात्र तिच्या मनातही आलं नाही. त्यात तीन पांढऱ्या चकत्या असतात, चकत्यांत स्फटिकांची पूड. किरण लागले की ही पूड त्यांचा थोडा जोर पोटात धरून बसते. काही महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवली की तो उजेड होऊन बाहेर पडतो. जितके किरण, तितका उजेड. ना वीज, ना बॅटरी! शिकताना हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हाच जोहा त्या चकत्यांच्या प्रेमात पडली होती.

घरी सांगायची सोय नव्हती. सासूबाईंचा, साजिदांचा, या नोकरीला पहिल्यापासून विरोध. किरणांनी कूस करपते, असं त्यांनी मनात घट्ट धरलं होतं. रोजची कटकट मिटावी म्हणून जोहानं एकदा छातीवरचा बॅज दाखवून थाप मारली, "अम्मी, हा किरणांपासून वाचवतो." साजिदा गप्प झाल्या. उलट सून निघाली की "बॅज घेतलास ना?" असं विचारू लागल्या. खरं तर बॅज दवाखान्यातच ठेवायचा नियम. पण थाप निभावायची म्हणून जोहा तो रोज घरी आणायची.

तेवढ्यात सासऱ्यांची, फखरुद्दीनांची, हाक आली. मुतखड्यासाठी मागं त्यांच्या पोटाचं सीटी स्कॅन झालं होतं आणि आज ती फिल्म घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं. जोहानं फिल्म कपाटावरून काढली आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात धरली. खडा दिसला. त्याच्या खाली, कमरेच्या जागी, एक चौकोन दिसला. चौकोनात ओळीनं तीन गोल.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. साजिदा बोंबील साफ करत होत्या.

"अम्मी, स्कॅनला जाताना अब्बांच्या कमरेला काय होतं?"

साजिदांचे हात थांबले. "तुझा बॅज. मीच नेफ्यात खोचला. रविवार होता, तुला सुट्टी होती. येवढ्या मोठ्या मशीनात माणूस घालायचा, म्हटलं हा तरी राखेल त्यांना. का गं, बिघडला काय?"

जोहाचा जीव भांड्यात पडला. बॅज खरं तेच बोलला होता; किरण फक्त सासऱ्यांच्या वाट्याचे होते. फिल्म दाखवली की चौकशी मिटणार होती. पुन्हा असं करू नका, एवढं सांगून इथलंही मिटलं असतं. पण समोर सासूबाईंचे ओले हात होते, आणि त्या हातांनी तिच्या थापेवर भरवसा ठेवून आपला नवरा मशीनमध्ये पाठवला होता. जोहाला स्वतःची लाज वाटली.

"अम्मी, हा कुणाला वाचवत नाही. किती किरण लागले, तेवढं फक्त सांगतो. मी तुमच्याशी खोटं बोलले."

साजिदांनी हातातला बोंबील खाली ठेवला. नोकरी गेली, जोहानं मनाशी धरलं.

"मग इतके दिवस तू कशाच्या भरवशावर जात होतीस?"

"आडोशामागं उभी राहते. आणि काही चुकलंच, तर बॅज लपवून ठेवणार नाही, हे ठाऊक असतं."

साजिदांनी हात धुतले, पदराला पुसले. स्वतःच्या गळ्यातला तावीज काढून सुनेच्या दंडाला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"हा राखेल तुला," त्या म्हणाल्या. "तो बॅज दवाखान्यातच ठेव. घरी खरं काय ते तू सांगत जा."