उबेचं नियोजन

आखातातल्या फुजैराच्या तेल टर्मिनलवर सुपरवायझर असलेल्या हेमचंद्रांनी २००३ साली बायको मृणालिनीला आणि लेक आभाला कॅनडात नेऊन बसवलं, आणि ‘तिकडचा पासपोर्ट होईपर्यंत इथला पगार सोडणं परवडत नाही’ म्हणून स्वतः तेवढे परत आले. तिथल्या हिवाळ्याची काळजी मात्र सगळी त्यांनीच वाहिली. बर्फात वीज गेली तर पंचाईत नको, म्हणून लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी नवीकोरी शेगडी बसवून दिली. गोळ्यांची साठ पोती तळघरात रचली. मग दर शुक्रवारी एसी अठरावर लावून, रजईत शिरून ते फोन करायचे, "मृणाल, शेगडी बारीक ठेव. दोन-दोन स्वेटर घाला. थंडी म्हणजे नुसती सवयीची गोष्ट आहे."

जानेवारीत तिकडे बर्फाचं वादळ आलं आणि चार दिवस फोनच लागेना. हेमचंद्रांना घास गिळवेना. पाचव्या दिवशी मृणालिनीचाच फोन आला.

"अगं, शेगडी होती ना?"

"होती की! पण गोळ्या आत ढकलणारी तिची मोटर विजेवर चालते. वीज गेली आणि शेगडी खलास! शेजारच्या म्हाताऱ्या बाई आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्याकडे साधी लाकडाची चूल आहे. नाहीतर आभा गारठून गेली असती हो."

हेमचंद्रांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी समाधानाने रजई गळ्यापर्यंत ओढली.



"म्हणजे चार दिवसांची पोती वाचली म्हणायची!"