वाटेवरचा दस्तरखान

मुन्नीबीने गाड्यांच्या वाटेवर दस्तरखान आडवा पसरला, चारी कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि मधोमध मटणाचा टोप मांडला.

"अम्मा, रस्त्यात कोण जेवायला बसतं?" कादिर म्हणाला. सांदणांचा डबा हातात धरून तो तसाच उभा होता.

"ज्याला भूक लागते तो. ठेव तो डबा."

बकरी ईदचा दुसरा दिवस. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की सौदीतलं हे अर्धं अल-खोबर शहर गाड्या घेऊन या किनाऱ्यावर उतरणार, हे शेंबडं पोरही सांगेल. वाटेच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दोरीने घेरलेली वाळू. दोरीच्या आत सुरय पक्ष्यांची वस्ती. सुरय म्हणजे मुठीएवढा पांढरा जीव, डोक्यावर काळी टोपी आणि आवाज सगळ्या मोहल्ल्याला पुरेल एवढा. पिल्लं मात्र वाळूच्या रंगाची. हलली नाहीत तर आईलाही दिसू नयेत. आज ती दोरीखालून बाहेर पडू लागली होती. पाण्याच्या कडेला आया चोचीत मासे धरून त्यांना बोलावत होत्या, आणि मधे ही वाट.

पाखरांची राखण करणारी बाकीची मंडळी ईदला घरी बसलेली. राहिली एकटी इफरा, मुन्नीबीची नात. दुर्बीण गळ्यात, डोळ्यांत पाणी.

"दादी, लास्ट इयर एक भी नहीं बचा. सब टायर के नीचे."

"म्हणूनच बसलेय ना गो इथे."

"पण बोर्ड लगाया है ना, अरबीत, इंग्लिशमध्ये..."

"तुझी पाटी वाचायला गाडी थांबावी लागते. कोण थांबतंय? वाढलेल्या अन्नावरून चाक न्यायला मात्र माणूस फार नीच लागतो. तेवढा नीच ईदचा सापडायचा नाही."

पहिली गाडी उडतच आली. पांढरी, ट्रकाएवढी, आत चार तरणे अरब आणि कानठळ्या बसवणारं गाणं. हॉर्न वाजला. मुन्नीबीने सांदण मोडून रश्शात बुडवलं. पुन्हा हॉर्न. तिने ओढणी नीट केली. शेवटी चालवणारा खाली उतरला. अंगात पांढरा पायघोळ थोब, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही.

"या खाला, यल्ला!" म्हणजे मावशी, चला, उठा.

"तफद्दल," मुन्नीबी म्हणाली आणि बाजूची जागा हाताने झाडली.

छातीवर हात ठेवून त्याने मान हलवली. जेवून आलोय.

"कादिर, सांग त्याला. जेवून आलास तर असा वाळलेला का? आणि ईदच्या दिवशी म्हाताऱ्या बाईने पुढे केलेला घास मागे सारतोस, शोभतं का तुझ्या मिशीला?"

कादिर अरबीत एवढंच म्हणाला, "आई बसा म्हणतेय."

"इतकंच? माझं बाकीचं कुठे गिळलंस?"

तिचा सूर ऐकूनच त्या पोराला हसू फुटलं. तो बसला. मग गाणं बंद करून बाकीचे तिघेही बसले.

मागून पुण्याच्या शिरीष इंजिनिअरची गाडी आली. त्याची बायको विद्या मराठी कानावर पडताच हरखून खाली उतरली आणि टोप बघून बिचकली.

"आम्ही मटण नाही हो खात."

"सांदण तांदळाचं आहे. नारळाच्या दुधाशी खा, गूळ घातलाय."

शिरीष बायकोच्या खांद्यावरून टोपाकडे बघत होता. मुन्नीबीने त्याला काही न विचारता वाढलं.

आणखी गाड्या आल्या. दस्तरखान पुरेना. अरब पोरांनी आपला गालिचा जोडला, खजूर आणि कहव्याची किटली आणली. विद्याने चादर जोडली. वस्तीच्या अलीकडच्या वाळूच्या टेकाडापासून पाण्यापर्यंत माणसांची आडवी ओळ बसली. पुढे वाट खाडीला जाऊन संपत होती, तिकडून कोणी यायचं नव्हतं.

"शू!" इफराने हात वर केला.

मोकळ्या वाटेवर एक पिल्लू आलं. थबकलं. आणि वाऱ्याने उडवलेल्या कापसासारखं पळत पलीकडे गेलं. त्यामागून दुसरं, मग सगळी झुंबड. शेवटचं पिल्लू चाकाच्या चरीत पडलं. चरी माणसाच्या घोट्याएवढी, त्याला विहीर. उड्या मारी आणि घसरून परत तळाशी.

इफरा अर्धी उठली. "हात नाही लावायचा त्याला. घाबरून आणखी आत पळेल."

पांढऱ्या थोबातल्या पोराने त्या चरीकडे पाहिलं, मग आपल्या गाडीच्या चाकांकडे. तो उठला, लांबूनच वाळूत पालथा पडला आणि सरपटत गेला. हात लांब करून त्याने तळव्याने चरीची कड हळूहळू ढासळवली, उतार केला. तोवर सुरय त्याच्या डोक्यावर येऊन किंचाळू लागले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर सोडू लागले. डोक्यावर, पाठीवर, अस्तनीवर. त्याचे दोस्त तोंडं दाबून हसत लोळू लागले.

"बरोबर आहे," मुन्नीबी म्हणाली. "माझ्या कादिरजवळ असा कोणी सरपटत आला असता, तर मीपण हेच केलं असतं."

कादिरला ठसका लागला.

पिल्लू उतारावरून वर चढलं आणि धावत सुटलं. पाण्याच्या कडेला आईने त्याच्या तोंडात मासा कोंबला. मासा त्याच्या तोंडापेक्षा मोठा. शेपटी बाहेरच राहिली. पिल्लू मान वर करून उभं. ओळीतले सगळे, अरब, पुणेकर, कोकणातले, हातातला घास हातातच धरून बघत राहिले. शेपटी काही आत जाईना.

"गिळ रे बाबा," मुन्नीबी म्हणाली, "एवढे पाहुणे खोळंबलेत."