पांढऱ्या धुराचं अनुदान

"काकू, तुमचा धूर पांढरा आहे, हीच तर अडचण आहे," गुऱ्हाळाच्या धुराड्याकडे बघत तपासणीला आलेले साहेब म्हणाले. "जुने टायर जाळायचं सोडून जे उसाच्या चिपाडावर आले, त्यांनाच अनुदान. तुम्ही तर टायर कधी जाळलेच नाहीत."

"सासऱ्यांपासनं चिपाडच जाळतोय. ते चुकलं म्हणायचं का?" रत्नाबाईंनी विचारलं. रस आटवायची काहील झिजून भोकाला आली होती. अनुदान मिळालं असतं, तर ती बदलता आली असती.

साहेब जवळ सरकले. "एक हंगाम टायर जाळा की. काळ्या धुराचे फोटो मी काढतो, पुढच्या वर्षी सोडून द्या. तुमच्या शेजारच्या चौगुल्यांनी तेच केलं. परवा त्यांचा सत्कारही झाला."

चौगुल्याच्या धुरानं रत्नाबाईंची नात महिनाभर खोकत होती. आणि त्यानं कागदोपत्री सोडलेले ते टायर सत्कारानंतरही रोज पहाटे जळतच होते. समोरच्या कडक इस्त्रीच्या माणसाशी भांडावं, एवढीही त्याची लायकी त्यांना वाटेना. त्या झाऱ्यानं काहिलीतल्या रसावरची मळी काढायला लागल्या.

निघता निघता साहेब ओळीनं मांडलेल्या ढेपांपाशी रेंगाळले. "दोन ढेपा घरी न्यायला द्या ना काकू. पोरांना टायरवरचा गूळ द्यायला जीव धजत नाही."

रत्नाबाईंनी हातातला झारा ठेवला आणि ढेपांवर गोणपाट ओढलं.

"आमचा कशाला नेताय, साहेब? शेजारी जावा. तिकडं सरकारमान्य गूळ मिळतोय."