सवच्या कुंडातलं पाणी

"कुणाला पटायचं नाय अक्का, पण सपनात असलो की मला तिथंच कळतं, हे सपान हाय," केरू म्हणाला. दुखरे गुडघे शेकायला तो म्हातारा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसला होता; थोरली बहीण शेजारी काठावर टेकली होती.

"कसं रे कळतं?" भागूअक्काने विचारलं.

"सपनात हे पाणी गार लागतं. लागलं की पाय बाहेर काढायचे, लगेच जाग येते. मागं एकदा उशीर केला, तर पाय निघेनात. मरता मरता वाचलो."

"आणि आता?"

"आता? चांगले चटके बसतायत की!"

हसत हसत केरूने पाय हळूच ओढून पाहिले. ते हलले नाहीत. कुंडावर वाफ तशीच तरंगत होती.

अक्काने पाण्यात हात बुडवला.

"खोटं बोलतोस, केरू. पाणी गार हाय."